बोलाताईंची पाच मिनिटं

रस्त्यावरचा दिवा गेला की माणूस आधी मान वर करून बघतो, मग शेजाऱ्याला विचारतो, आणि शेजाऱ्यानं खांदे उडवले की फोन करतो. त्या शहरात असा फोन बावीस वर्षं एकाच बाईंनी उचलला. "नमस्कार, दिवे विभाग, बोला!" हे त्या इतक्या मोकळ्या आवाजात म्हणत की पलीकडचा माणूस भांडायला आलेला असला तरी निम्मा तिथंच निवायचा. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते हजेरीपटालाच ठाऊक. खात्यातल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना बोलाताई म्हणत. पुढं पुढं नवरासुद्धा थट्टेनं तेच म्हणू लागला आणि ते कायमचं चिकटलं.

बोलाताईंचं टेबल तळमजल्यावर, जिन्याला लागून होतं. टेबलावर दोन फोन, त्यातल्या एकाची वायर चिकटपट्टीनं बांधलेली. भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या. आणि समोर तक्रारींचं जाडजूड रजिस्टर. रजिस्टरात रकाने छापलेले होते : बंद, मिचमिचतो, दिवसा चालू, खांब वाकला, आणि शेवटी अंगठ्याएवढ्या रुंदीचा 'इतर'. छापणाऱ्यानं तो रकाना कागद उरला म्हणून टाकला असावा. बोलाताईंची खरी पंचाईत त्या रकान्यानंच केली होती. कारण लोक सांगायचे ते त्यात मावायचंच नाही. एक बाई म्हणाली, आमच्या दारासमोरचा दिवा चालू आहे, पण तो झाडाच्या पानांना उजेड देतो, जिन्याच्या शेवटच्या पायरीला देत नाही, आणि सासरे त्याच पायरीवर दोनदा घसरले. आता हे 'बंद'मध्ये लिहायचं की 'मिचमिचतो'मध्ये? बोलाताईंनी घरून एक दोनशे पानी वही आणली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'इतर' असं लिहिलं, आणि अशी बोलणी त्यात उतरवून घ्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. जागा नव्हती म्हणून लिहिलं, एवढंच. पुढं त्यांना सवयच लागली. दिवा दुरुस्त झाल्यावर महिनाभरानं त्या स्वतःहून फोन करून विचारत, "काय हो, आता बरं आहे का?" लोकांना आधी धक्का बसायचा, मग ते भरभरून बोलायचे.

तीन वर्षांपूर्वी शहरभर जुने पिवळे दिवे काढून नवे पांढरे लावले. साहेबांनी ते काम जीव तोडून केलं होतं. दिवे बंद पडायच्या तक्रारी एकदम खाली आल्या. साहेब दर सोमवारी रजिस्टर बघून खूश होऊन वर जायचे. बोलाताईंची वही मात्र भराभर भरू लागली. एका निवृत्त मास्तरांनी झोपेच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी टांगली होती. एका घरची लहान मुलगी अंधाराला नव्हे, उजेडाला घाबरून रडायची, कारण खांबाची सावली भिंतीवर उभी राहायची. एका रिक्षावाल्यानं सांगितलं, चढ संपला की दिवा असा डोळ्यांत घुसतो की समोरचा माणूस दिसतच नाही. बोलाताई हे साहेबांना सांगायला गेल्या की साहेब म्हणायचे, "ताई, आकडे बघा. आकडे चांगलेत." आणि आकडे खरंच चांगले होते, त्यामुळं बोलाताई वही काखेत मारून खाली यायच्या.

अशात एके दिवशी फलकावर एक परिपत्रक लागलं. बाहेरच्या प्रकाशयोजनेची परिषद भरणार होती. रस्ते, बागा, पूल, मैदानं यांचे दिवे लावणाऱ्या, जोडणाऱ्या आणि आखणाऱ्या लोकांची. वक्त्यांचे अर्ज मागवले होते. बोलायच्या तीन संधी होत्या : वीस मिनिटांचं भाषण, पाच मिनिटांचं छोटं भाषण, नाहीतर पोस्टर लावून त्यापाशी उभं राहायचं. साहेबांनी चहाच्या वेळी जाहीर केलं की ते वीस मिनिटांसाठी अर्ज करणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलाताई जेवणाच्या सुट्टीत परिपत्रक पुन्हा वाचायला गेल्या. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्या कोणीही अर्ज करावा.' त्या 'कोणीही'पाशी त्यांची नजर अडकली.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला ते सांगितलं. नवरा शहरबसचा ड्रायव्हर. तो नुकताच कामावरून येऊन मोजे काढत होता.

"मग कर की अर्ज," तो म्हणाला.

"अहो, मला चार माणसांपुढं उभं राहिलं तर घाम फुटतो."

"दिवसाला साठ माणसांशी बोलतेस तू!"

"ती फोनवर असतात. त्यांना तोंडं नसतात."

सासूबाई पलीकडं खुर्चीत पेपर वाचत बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण नको ते नेमकं ऐकू यायचं. "कुणाला तोंड नाही?" त्यांनी विचारलं. मग त्यांना सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, आणि मोठ्यानं सांगितल्यावर ती गोष्ट एकदम ठरल्यासारखी वाटायला लागली.

जेवणं झाल्यावर त्याच टेबलावर अर्ज भरायला घेतला. 'पद' इथं बोलाताईंनी 'तक्रार लिपिक' लिहिलं. 'प्रकाशित शोधनिबंध' इथं नवरा म्हणाला, "रेघ मार." त्यांनी रेघ मारली. पुढचा प्रश्न होता, 'श्रोते आपल्यासोबत काय घेऊन जातील?'

"आता हे काय? पिशवी वाटायची का?" बोलाताई म्हणाल्या.

"तसं नाही गं. त्यांना काय कळेल, असं विचारलंय."

बोलाताईंनी बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, 'लोकांना उजेड पायांवर हवा असतो, डोळ्यांत नको असतो. हे मला अकराशे सात जणांनी सांगितलं.' भाषणाच्या शीर्षकाच्या जागी त्यांनी एकच शब्द लिहिला, 'इतर'. नवरा म्हणाला, एवढंच? त्या म्हणाल्या, एवढंच.

दीड महिन्यानं उत्तरं आली. दोन्ही एकाच टपालात, आणि टपाल उघडायचं काम बोलाताईंचंच. त्यांचं पाच मिनिटांचं भाषण मंजूर झालं होतं. साहेबांना पोस्टर मिळालं होतं.

बोलाताईंना आनंद झाला होता, नाही असं नाही, पण तो दाखवायचा कसा? त्यांनी साहेबांचं पत्र शिपायाबरोबर वर पाठवलं आणि स्वतः रजिस्टरात डोकं घालून बसल्या. तास गेला. मग जिन्यावर साहेबांच्या बुटांचा आवाज आला. साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, तुमचंही पत्र आलं म्हणे."

"हो साहेब. चुकून आलं असेल. मी कळवते त्यांना, की…"

"काही कळवू नका." साहेब म्हणाले. "मला फक्त एक सांगा. तुमच्या त्या वहीत माझ्या दिव्यांबद्दल वाईट लिहिलंय का?"

"दिव्यांबद्दल नाही साहेब. दिवे कुठं तोंड करून उभे आहेत, त्याबद्दल आहे."

साहेबांनी वही मागितली. ती वर घेऊन गेले आणि दोन दिवस परत दिली नाही. तिसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा तिच्यात कागदाच्या चौदा चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. साहेब म्हणाले, "हे घोंगडीवाले मास्तर कुठं राहतात?" एवढंच विचारून ते गेले. लाइनमनकडून नंतर कळलं की साहेब त्या मास्तरांच्या घरी जाऊन त्यांच्या पलंगावर आडवे होऊन बघून आले.

आता घरात तालमी सुरू झाल्या. नवऱ्यानं घड्याळ लावलं, सासूबाई श्रोते म्हणून बसल्या. पहिल्या दिवशी बोलाताई एकोणीस मिनिटं बोलल्या आणि तरी रिक्षावाल्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

"बाई गं," नवरा म्हणाला, "तू प्रत्येक थांब्यावर थांबतेस. पाच मिनिटांत जायचं तर जलद गाडी हवी. थांबे काढ."

"कुठला काढू? सगळ्या माणसांनी विश्वासानं सांगितलंय."

"त्यांना काय कळणारे? आणि कळलंच तर तुलाच फोन करतील."

रोज एकेक थांबा गळत गेला. मास्तर राहिले, शेवटची पायरी राहिली, रिक्षावाला राहिला. लहान मुलीला काढताना बोलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरी अडचण हातांची होती. एरवी एका हातात फोन आणि दुसऱ्यात पेन. आता दोन्ही मोकळे हात दोन परक्या माणसांसारखे लोंबत राहायचे. सासूबाईंना भाषणातलं अक्षर ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी ते बरोबर हेरलं. "तू काय बोललीस देव जाणे," त्या म्हणाल्या, "पण हात असे करतेस की जणू ओली भांडी ठेवायला जागा शोधतेयस. पेन धर हातात." पेन धरल्यावर खरंच बरं वाटलं. अखेरच्या आठवड्यात नवऱ्यानं चार मिनिटं पन्नास सेकंद मोजली आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या.

परिषदेच्या गावाला बोलाताई आणि साहेब एकाच बसनं गेले. साहेबांच्या मांडीवर पोस्टरची लांब नळी होती. ती दर वळणाला पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेला लागायची आणि साहेब दर वेळी "माफ करा" म्हणायचे. सातव्यांदा तो माणूस म्हणाला, "आता तुम्ही नळी माझ्याकडंच द्या, मी धरतो." मग तीन तास ती नळी त्यानं धरली.

परिषदेच्या दाराशी नावाचे बिल्ले देत होते. टेबलामागच्या मुलीनं दोघांकडं पाहिलं आणि 'वक्ता' लिहिलेली पिवळी फीत थेट साहेबांच्या हातात ठेवली. साहेबांनी ती क्षणभर बघितली. मग ती बोलाताईंपुढं धरून ते म्हणाले, "माझी नाही. यांची आहे." बोलाताईंना ती फीत लावता येईना, पिनच उघडेना. शेवटी साहेबांनीच पिन उघडून दिली.

साहेबांच्या पोस्टरला सेहेचाळिसावा नंबर मिळाला होता. जागा कॉरिडॉरच्या टोकाला, प्रसाधनगृहाच्या दाराशेजारी. येणारे-जाणारे सगळे घाईत. साहेब सकाळपासून तिथं उभे होते आणि आतापर्यंत एकानं येऊन विचारलं होतं, ते म्हणजे साबण संपलाय ते कुणाला सांगायचं.

बोलाताईंची पाळी जेवणानंतर होती, म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांवर झोप उतरायच्या वेळी. सभागृहात अडीच-तीनशे माणसं. त्यांच्या आधी एक प्राध्यापक बोलले, त्यांच्या आलेखात सतरा रंगांच्या रेघा होत्या. टेबलावर वेळेचे तीन छोटे दिवे ठेवलेले : हिरवा, पिवळा, लाल. बोलाताई पायऱ्या चढून वर गेल्या, पेन घट्ट धरलं, आणि समोर बघितलं तर काहीच दिसेना. मंचावरचा झगझगीत दिवा नेमका त्यांच्या डोळ्यांवर मारलेला. पाठ केलेलं पहिलं वाक्य कुठंतरी पळून गेलं. हिरवा दिवा लागला. पलीकडं माणूस आहे आणि तो काही बोलत नाही, अशा वेळी जे तोंडातून आपोआप यायचं तेच आलं.

"नमस्कार, दिवे विभाग, बोला!"

सभागृह असं हसलं की मागच्या रांगेतले पेंगणारेही जागे झाले. पुढच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "अहो, आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे हो!"

"खांब क्रमांक?" बोलाताईंनी सवयीनं विचारलं.

"क्रमांक माहीत नाही!"

"तो कुणालाच माहीत नसतो," बोलाताई म्हणाल्या. "मग मी विचारते, समोर काय दिसतं ते सांगा. आणि लोक समोर काय दिसतं ते सांगायला लागले की दिव्याचं राहतं बाजूला, तुम्हाला अख्खं घर कळतं."

त्यांच्या लक्षात आलं की भाषण सुरू झालंय. हे तालमीतलं नव्हतं, पण गाडी तर निघाली होती. त्या म्हणाल्या, "आता माझीच तक्रार घ्या. हा दिवा माझ्या डोळ्यांत आहे. उजेड भरपूर आहे, मोजाल तर आकडे चांगले येतील. पण मला तुमच्यातला एकही माणूस दिसत नाही. जरा कुणी खाली कराल का?" बाजूच्या तंत्रज्ञानं दिवा वाकवला. तीनशे चेहरे एकदम समोर आले. घाम फुटेल असं बोलाताईंना वाटलं होतं, पण फुटला नाही; सगळे हसत होते. "दिसलात," त्या म्हणाल्या. "माझ्या वहीतल्या अकराशे सात माणसांना एवढंच हवंय."

मग मास्तर आले, घोंगडी आली, शेवटची पायरी आली. काढून टाकलेली लहान मुलगीही न बोलावता आली. रिक्षावाला चढ चढून वर पोचला, दिवा त्याच्या डोळ्यांत घुसला, आणि तेवढ्यात टेबलावरचा लाल दिवा लागला. बोलाताई वाक्याच्या मध्येच गप्प झाल्या.

"पुढं?" कुणीतरी ओरडलं.

"लाल लागला," त्या म्हणाल्या. "घरी ड्रायव्हर आहे माझ्या. लाल मोडता येत नाही."

हशा थांबायलाच मिनिट गेलं. सत्राच्या अध्यक्षबाई डोळे पुसत उठल्या आणि म्हणाल्या, "हिरवा लावा पुन्हा. हा रिक्षावाला घरी पोचू दे." तो घरी पोचला. साहेबांच्या सांगण्यावरून लाइनमननं पत्रा कापून त्या खांबावरच्या दिव्याला टोपी, म्हणजे वरून आडोसा, घातली आणि उजेड रस्त्यावर उतरवला, हेही त्यांनी सांगितलं.

प्रश्नांच्या वेळी एका तरुण अभियंत्यानं विचारलं की टोपी घातल्यावर रस्त्यावरचा उजेड किती कमी झाला, आणि तिचा कोन किती ठेवला. बोलाताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ते मला येत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या साहेबांना येतं. त्यांनी चौदा ठिकाणी स्वतः जाऊन मोजलंय. बाहेर सेहेचाळीस नंबरला उभे आहेत. सकाळपासून एकटेच आहेत, जा जरा."

सत्र संपल्यावर चहाकडं न वळता शंभरेक माणसं त्या कॉरिडॉरच्या टोकाला गेली. साहेबांना वाटलं, प्रसाधनगृहालाच रांग लागली. ते अदबीनं बाजूला झाले. मग लोक पोस्टरसमोरच थांबलेत हे लक्षात आलं आणि त्यांनी चष्मा नीट केला. पोस्टरच्या कोपऱ्यात त्यांनी आदल्या आठवड्यात हातानं एक तक्ता चिकटवला होता : टोपीआधी, टोपीनंतर. बोलाताईंनी तो पहिल्यांदाच पाहिला. तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'माहितीचा स्रोत : तक्रार लिपिक यांची वही.'

साहेब दोन तास बोलले. परतीच्या बसमध्ये त्यांचा घसा पार बसला होता. ते खुणेनं आणि कागदावर लिहून बोलत होते. उतरायच्या आधी त्यांनी कागदावर लिहिलं, 'पुढच्या महिन्यात साठ टोप्या. कुठं कुठं, ते तुम्ही सांगा.' बोलाताईंनी खाली लिहिलं, 'एकसष्ट.' मग दोघंही हसले, साहेबांचं हसू मात्र नुसतं खांद्यांतूनच दिसलं.

नवरा स्टॉपवर घ्यायला आला होता. "किती मिनिटं झाली?" त्यानं पहिलं तेच विचारलं. सात झाली म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. लाल दिव्याची गोष्ट ऐकल्यावर मात्र तो रस्त्यातच उभा राहिला, आणि पुढं आठवडाभर डेपोतल्या प्रत्येकाला ती त्यानं सांगितली. सासूबाईंनी एवढंच विचारलं, हात कुठं होते.

नंतरच्या वर्षी रजिस्टर नव्यानं छापलं. 'इतर' रकाना आता अर्धं पान झाला. परिषदेनं बोलाताईंना वीस मिनिटं दिली आणि त्यांनी ती हसतखेळत पेलली. तिसऱ्या वर्षी वक्ते निवडणाऱ्या समितीवर त्यांना बोलावलं. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं की अर्ज लिहूनच का द्यायचा. ज्याला लिहिणं जमत नाही त्यानं फोनवर सांगितला तर? समितीतले विद्वान एकमेकांकडं बघू लागले. "घेणार कोण तो?" एकानं विचारलं. "मी आहे की," बोलाताई म्हणाल्या.

त्या वर्षी एक्केचाळीस अर्ज फोनवरून आले. एक पुलावरचा पहारेकरी होता. एक मैदानाची निगा राखणारा होता, त्याच्या म्हणण्याप्रमाणं गवतालाही झोप लागत नव्हती. आणि एक बाई होती, पहाटे दारोदार वर्तमानपत्रं टाकणारी, जिला शहरातलं प्रत्येक अंधारं फाटक पाठ होतं. त्यातल्या नऊ जणांना बोलायला मिळालं. बोलाताईंनी त्या वर्षी स्वतः अर्ज केला नाही. त्या तिसऱ्या रांगेत नवऱ्याच्या शेजारी बसल्या होत्या. वर्तमानपत्रवाली बाई मंचावर आली, घाबरून चार मिनिटांतच सगळं सांगून मोकळी झाली, आणि खाली उतरायचं विसरून तिथंच उभी राहिली. टाळ्या काही केल्या थांबत नव्हत्या. नवऱ्यानं घड्याळाकडं बघितलं. बोलाताईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवून ते झाकलं.